आधी कानस, मग ड्रिल

घरच्या सीएनसी राउटरसाठी १६ मिलिमीटरचा ग्राउंड शाफ्ट आणला होता, लिनिअर बेअरिंग धावतं तो. टोकाच्या मधोमध एम ६ चे आटे पाडायचे होते. ५ मिलिमीटरचं साधं एचएसएस ड्रिल सरळ आत गेलं, टॅपही निमूट फिरला. त्याच शाफ्टला बाजूने भोक पाडायला घेतलं, तर ड्रिल नुसतं किंचाळायला लागलं. बुरा नाही, फक्त एक चकचकीत ठिपका. अशा वेळी हात आपोआप जोर लावतो आणि ड्रिलचं टोक निळं पडून कामातून जातं.

हे शाफ्ट इंडक्शनने वरवरच हार्ड केलेले असतात. कडक थर दीड-दोन मिलिमीटरचा, साधारण ६० रॉकवेल सी. आतला गाभा मऊ. एचएसएस ड्रिल स्वतःच ६३-६५ च्या आसपास, ते त्या थराला काय कापणार? म्हणून आधी कानस घासून बघा. खूण न उमटता कानस घसरली, तर ड्रिल मशीन बाजूला ठेवा. शाफ्टच्या टोकावर कडेपासून मध्याकडे घासत गेलात, तर कानस जिथे धरायला लागते तिथे कडक थर संपला.

एवढं कळलं की निम्मं काम झालं. हा थर घासूनच काढायचा. डाय ग्राइंडरला लहान दगड लावून, मध्ये-मध्ये थांबत, आठेक मिलिमीटर रुंद खळगा करा. तो टॅपपेक्षा रुंदच हवा, नाहीतर टॅपची धार कडक कडेला लागते आणि टॅप तुटतो. मऊ धातू लागला की ५ चं ड्रिल, भरपूर कटिंग ऑइल, टॅप अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे. भोक आरपार हवं असेल तर पलीकडच्या बाजूलाही आधीच खळगा करा. ड्रिल आतून त्या थरावर आपटतं, हे हटकून विसरलं जातं.

बेअरिंगची रिंग आतपर्यंत कडक, तिथे ही युक्ती चालत नाही. सॉलिड कार्बाइड ड्रिल कापेल, पण हातातल्या मशीनवर जरा डगमगलं की तुकडे उडतात. गॉगल हवाच, हातमोजे मात्र नकोत, फिरत्या ड्रिलमध्ये अडकतात. तापवून मऊ करायचा मोह होतो. पण मग कडकपणाही जातो आणि वस्तू वाकते ती वेगळीच. जस्ताचा मुलामा असेल तर तापवूच नका, त्या धुराने अंगात ताप भरतो.

आणि टॅप आत तुटलाच तर? तुरटीच्या गरम पाण्यात तो विरघळतो हे खरं, पण पितळेत किंवा अ‍ॅल्युमिनियममध्ये अडकला असेल तरच. पोलादी शाफ्टमध्ये तुरटी टॅपबरोबर शाफ्टही खाते. तिथे स्पार्क इरोजनवाल्याकडेच जावं लागतं. जाण्याआधी नव्या शाफ्टची किंमत विचारून ठेवा. बऱ्याचदा तोच स्वस्त पडतो.