निश्चल पदार्थांतील चंचल कण

दगड, लोखंड, लाकूड हे पदार्थ आपणांस निश्चल भासतात. वस्तुतः त्यांतील कण अखंड कंप पावत असतात. वायूचे कण मोकळे असतात. खोलीतील हवेचे रेणू सेकंदास सरासरी सुमारे ५०० मीटर वेगाने धावतात. द्रवाचे कण परस्परांस बिलगूनही जागा बदलतात. म्हणूनच पाणी वाहते. घन पदार्थाचे कण मात्र आपल्या जागेभोवतीच हेलकावे घेतात.

उष्णतेने हे कंपन वाढते, कणांतील सरासरी अंतर किंचित वाढते आणि पदार्थ प्रसरण पावतो. बैलगाडीच्या चाकावर धाव तापवूनच चढवितात. पाणी ओतताच ती आकसून लाकडास घट्ट आवळते. तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढल्यास १ किलोमीटर लांबीचा मोकळा पोलादी रूळ सुमारे ३६ सेंटिमीटर वाढेल. या वाढीस वाव ठेवला नाही, अथवा स्लीपर व खडीने रूळ घट्ट जखडला नाही, तर तो उन्हाळ्यात वाकून गाडी घसरण्याचा धोका संभवतो.

पुलाच्या सांध्यांतील फटीही याच प्रसरणासाठी असतात. त्या माती-खड्यांनी बुजल्यास पुलास इजा पोहोचते. गावालगतच्या पुलाची पाहणी करताना या फटींकडे अवश्य लक्ष द्यावे.