वाट राखू या



गावाला वाट असते, पण वाटेला धनी नसतो. ती सगळ्यांच्या पायाखाली असते आणि कुणाच्याच ध्यानात नसते. पावसाळ्यात पाय घसरला म्हणजे तिची आठवण होते. मग आपण म्हणतो, "सरकार काय करतंय?" सरकारने करायचे ते करावेच. पण हातभर रुंद पायवाटेसाठीही सरकारची वाट पाहत बसलो, तर ती वाटही जाते आणि आपले दिवसही जातात.

या पाठात अशाच एका वाटेची हकिकत सांगतो. तिच्यात आमची फजिती झाली, तीही सांगतो. खरे शिक्षण त्या फजितीतूनच झाले.

तांड्याची वाट

आमच्या निलंगा तालुक्यात माळावर एक तांडा आहे. खाली ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे डांबरी सडक. तांडा ते सडक ही पायवाट दीड किलोमीटरची. उन्हाळ्यात माणूस वीस मिनिटांत उतरतो. पावसाळ्यात मात्र चिखल, निसटते दगड आणि दोन्ही बाजूंनी वेड्या बाभळीचे काटे. एका श्रावणात एका अडलेल्या बाईला बाजेवर घालून चौघांनी या वाटेने खाली आणले. दोनदा बाज कलंडता कलंडता राहिली. बाई वाचली, बाळही वाचले. पण तांड्यातले लोक म्हणाले, "गुरुजी, दर वेळी नशीब कसं साथ देईल?"

मी 2016 साली मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो होतो. हाती वेळ होता आणि मनात एक जुने देणे होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. औसा, निलंगा आणि उमरगा या तालुक्यांत हजारो माणसे गाडली गेली. त्या वेळी दूरदूरची माणसे इथे धावून आली. ती तंबूत राहिली. त्यांनी ढिगारे उपसले, जेवण रांधले, मलमपट्टी केली. त्यांची नावेसुद्धा आम्हांला ठाऊक नाहीत. अशा माणसांचे देणे त्यांना परत करता येत नाही. ते तिसऱ्या कुणासाठी तरी राबूनच फिटते.

श्रमाची छावणी

परक्यासाठी राबायला जाणे ही रीत जुनी आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर 1920 साली स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल फ्रान्समध्ये गेले. वेर्दूं या ठिकाणाजवळचे एक खेडे युद्धात उद्ध्वस्त झाले होते. ते पुन्हा उभे करायला सेरेसोल यांनी जर्मन माणसेही बरोबर घेतली. म्हणजे कालचे शत्रू एका ठिकाणी दगड उचलू लागले. पुढे 1934 साली बिहारात मोठा भूकंप झाला. तेव्हा हेच सेरेसोल तिथे खेडी वसवायला आले.

आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी 1967-68 च्या सुमारास श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तरुण मुलेमुली मे महिन्याच्या उन्हात तिथे एकत्र राहतात, सकाळी माती उपसतात आणि नंतर विचार ऐकतात. 1969 साली महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना आली. तिच्यातही खेड्यात सात दिवस मुक्काम करण्याची पद्धत आहे. सह्याद्रीतल्या गडकिल्ल्यांवर आज कितीतरी मंडळे पायवाटा मोकळ्या करतात आणि ढासळलेल्या पायऱ्या नीट करतात.

मुक्काम कशाला? एका दिवसाच्या श्रमदानात जाण्यायेण्यातच निम्मा वेळ जातो. हार होतात, भाषणे होतात, फोटो निघतात आणि टिकावाला धार यायच्या आतच मंडळी घरी जातात. मुक्काम केला म्हणजे काम कळते. ज्याच्यासाठी काम करायचे, तो माणूसही कळतो.

आमची फजिती

2017 च्या मे महिन्यात आम्ही अठरा जण चार दिवसांसाठी तांड्यावर गेलो. शाळेच्या खोलीत मुक्काम केला. काटे तोडले, खड्डे बुजवले. वाटेवर चांगली वीतभर जाडीची माती पसरली आणि ती पायांनी तुडवली. वाट अशी दिसू लागली, जणू सारवलेले अंगण! आम्ही खूश झालो.

मृगाचा पहिला मोठा पाऊस आला आणि सगळी माती ओढ्यात गेली. वाट पूर्वीपेक्षा खोल झाली, जणू पाटच. आता ती वाट माणसांची राहिली नव्हती, पाण्याची झाली होती. चार दिवसांचे अठरा जणांचे कष्ट एका रात्रीत वाहून गेले. मला तांड्यावर तोंड दाखवायची लाज वाटली.

तरी गेलो. तिथे एक आजी होत्या. 1972 च्या दुष्काळात त्यांनी कामावर खडी फोडली होती. पुढे अनेक वर्षे सडकेच्या मजुरीवर त्यांचे हात राबले होते. त्या हसून म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही पायांचा विचार केला, पाण्याचा केला न्हाई. वाट पायानं मोडत न्हाई, पाण्यानं मोडती. पाण्याला आधी त्याची वाट द्या, मग माणसाला त्याची वाट ऱ्हाईल."

मी विचारले, "आजी, हे तुम्ही मे महिन्यात का नाही सांगितलं?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही इचारलं कुठं?"

बंधुभगिनींनो, बत्तीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारत आलो. ज्याला विचारायला हवे होते, त्याला मात्र विचारले नाही.

वाट कशी बांधावी?

त्या पावसाळ्यात आजींनी आम्हांला भर पावसात वाटेवरून चालवले. पाणी कुठून येते, कुठे वळते, कुठे साचते, ते दाखवले. त्या त्या जागी आम्ही खुंट्या ठोकल्या. दिवाळीनंतर जमीन ओलसर आणि मऊ होती. तेव्हा पाच दिवसांचा मुक्काम केला. जे शिकलो, ते असे :

1. वाटेची दरीकडची कड किंचित उतरती ठेवावी. हातभर रुंदीला दोन बोटे उतार पुरतो. मग पाणी वाटेवरून धावत नाही, आडवे निघून जाते. दरीकडच्या कडेला मातीची वरंब साचली असेल, तर ती आधी काढावी.

2. उभ्या चढावर जागोजागी वाटेवर दगडांची तिरकस ओळ बसवावी. ओळीचे खालचे टोक दरीकडे असावे. दगडाचे दोन हिस्से जमिनीत आणि एकच हिस्सा वर असावा. नुसता वर ठेवलेला दगड पहिल्याच पुरात जातो. चढ जितका तीव्र, तितक्या ओळी जवळ जवळ.

3. त्या ओळीच्या तोंडाशी छोटा चर काढावा. चरात गाळ आणि पाला साचतो. तो उपसत राहावे. चर बुजला की सगळे काम फुकट.

4. पायरी वीतभरापेक्षा उंच नसावी. डोक्यावर घागर घेतलेली बाई आणि काठी टेकत येणारा म्हातारा, यांच्या पायाला ती जमली पाहिजे. दगड बसवल्यावर त्यावर उभे राहून हलून पाहावे. डुगडुगला, तर पुन्हा काढून बसवावा.

हे करताना जिवाला जपावे. टिकाव चालवणाऱ्या दोघांत दहा फूट अंतर असावे. दगड उलथताना पलीकडची कड उचलून तो आपल्याकडे उलथावा. म्हणजे खाली विंचू असला, तर तो पलीकडे पळतो. काम सकाळी लवकर सुरू करावे आणि ऊन तापले की थांबावे. प्यायचे पाणी मुबलक ठेवावे.

आणि परवानगी आधी घ्यावी. वाट कुणाच्या शेतातून जात असेल, तर त्या शेतकऱ्याला विचारावे, ग्रामपंचायतीला कळवावे. जंगलाची जमीन असेल, तर वन खात्याला विचारावे. संरक्षित किल्ला किंवा लेणे असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या संमतीशिवाय एक दगडही हलवू नये. चांगल्या हेतूनेसुद्धा जुनी वस्तू बिघडते.

हजेरीची वही

पाच दिवस तांड्यातली माणसेही आमच्याबरोबर राबली. दुपारी पिठले, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. रात्री कंदिलाजवळ अक्षरांचा वर्ग. दिवसा आजी गुरू आणि आम्ही शिष्य. रात्री उलटे.

रोज संध्याकाळी हजेरीची वही फिरे. दुष्काळी कामावरच्या हजेरीपटावर आजींनी नेहमी अंगठाच उठवला होता. पहिल्या दिवशी आमच्या वहीतही त्यांनी अंगठा दिला. पाचव्या दिवशी पेन्सिल मागून घेतली आणि नाव लिहिले. अक्षरे वाकडी होती. एक वेलांटी राहिली होती. ती मी दुरुस्त केली नाही.

पुढच्या मृगात पाऊस जोराचा झाला. सकाळी फोन आला. तांड्यातला एक मुलगा सांगत होता, "गुरुजी, दोन दगड हलले. बाकी वाट हाय!" दुपारी तांड्यातल्या लोकांनीच ते दोन दगड बसवून टाकले. मला ह्या दुसऱ्या बातमीचा आनंद अधिक झाला. वाट एकदा बांधून भागत नाही, ती राखावी लागते. आणि राखणारा तिथलाच असावा लागतो.

तेव्हापासून दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही जातो. चर उपसतो, काटे छाटतो. बाज अजूनही कधी कधी त्या वाटेने उतरते. पण आता वाहणाऱ्यांचे पाय घसरत नाहीत.

विचार करा आणि बोला

1. पहिल्या वर्षीचे काम का वाहून गेले?
2. दगडाचा किती भाग जमिनीत असावा? का?
3. आजींनी आधी का सांगितले नाही? तुमच्या गावात कुणाला विचारायचे राहून गेले आहे?
4. तुमच्या गावातली कोणती वाट पावसाळ्यात बंद होते? तिच्यावरून कोण कोण जाते, त्यांची नावे पाटीवर लिहा.