वेग मिळाला, पण शांतता?



जुना लॅपटॉप फार हळू चाले, म्हणून सांगलीहून नवा, वेगवान घेतला. साताऱ्यात रात्री खोलीत तो उघडला आणि पंख्याची घरघर सुरू झाली. मन खट्टू झाले. दोष दुकानदाराचा नव्हता. बाजाराच्या गोंगाटात पंखा मला ऐकूच आला नव्हता. मी वेगाची चौकशी केली होती, आवाजाची नाही.

कारण सरळ आहे. प्रोसेसर जास्त काम करतो तेव्हा जास्त तापतो. ती उष्णता पंखा बाहेर टाकतो. पातळ लॅपटॉपमधला लहान पंखा जोरात फिरावा लागतो. सुरुवातीचे काही दिवस अपडेट चालू असतात, तेव्हा आवाज अधिकच. म्हणून लगेच निराश होऊ नये. लॅपटॉप गादीवर नव्हे, टेबलावर ठेवावा. हवेच्या फटी मोकळ्या ठेवाव्यात. नको ते प्रोग्रॅम बंद करावेत. वीजबचतीचे सेटिंग निवडावे. खरखर किंवा टकटक येत असेल, तर मात्र वॉरंटीतच दाखवावा.

एवढे केल्यावर माझी घरघर बरीच उतरली, पूर्ण गेली नाही. आता लिखाण संपले की मी तो बंदच करतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये असाच नेम साऱ्या गावासाठी सुरू केला: संध्याकाळी ७ वाजता भोंगा झाला, की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे.

वेग दुकानातून आणता येतो. शांतता मात्र घरात आपल्यालाच राखावी लागते.