एचआर घेण्याआधी मिलच्या गेटवर उभे राहा

निकालाचे दिवस आले की उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या भागांतून मला फोन येऊ लागतात. फोन करणारे बहुतेक जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे. सुरतेत दुसरी-तिसरी पिढी वाढत असलेले. बोलणं ठरलेलं असतं. "ताई, पोरीचं बीबीए झालं. आता एमबीए करायचं म्हणते. गणित तिला झेपत नाही, पण बोलायला चांगली आहे. एचआर घेऊ दे ना?" एकेकाळी माझ्या घरीही अगदी हेच बोललं गेलं होतं, म्हणून मी लगेच 'हो' म्हणत नाही. फोनवर सगळं सांगून होत नाही, ते इथे लिहिते.

आमचं घर उधन्यात. आप्पा पांडेसऱ्याच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये होते. आई साड्यांना लेस आणि टिकल्या लावायचं काम घरी आणायची, नगावर पैसे. माझी शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमांच्याही शाळा चालवते. या शहरात राबतं कोण, ते त्या यादीवरूनच कळतं. पुढचं कॉलेज गुजराती-इंग्रजी. एमबीएचा विषय निघाला तेव्हा मामा म्हणाले, "मुलीला एचआर बरं. एसीत बसायचं, चार माणसांशी गोड बोलायचं." आप्पांनी अहिराणीत एवढंच विचारलं, "तुले पगार किती भेटी?" मामांकडे याचं उत्तर नव्हतं, आणि ज्या खासगी संस्थेत मी प्रवेश घेतला तिथल्या काउन्सेलरनेही ते सरळ दिलं नाही. त्याने गुळगुळीत पुस्तिका हातात ठेवली. तिच्यावर हजिऱ्यातल्या मोठमोठ्या कंपन्यांची चिन्हं होती.

वर्गात मॅस्लोचा पिरॅमिड शिकलो, हर्झबर्गचे दोन घटक शिकलो, 'टॅलेंट' टिकवायचं कसं यावर रंगीत स्लाइड केल्या. हे ज्ञान वाया जात नाही. पण ज्या शहरात बसून आम्ही ते शिकत होतो तिथे विणकराला मीटरवर आणि हिरे घासणाऱ्याला नगावर पैसे मिळतात, ही गोष्ट एकाही तासाला निघाली नाही. शिकवणाऱ्यांपैकी कोणी हजेरीपत्रक किंवा पीएफचं चलन कधी हातात धरलं असेल असं वाटलं नाही.

उन्हाळी प्रकल्प म्हणजे 'कर्मचारी समाधानाचा अभ्यास'. एमबीए एचआरच्या प्रत्येक तुकडीत हा विषय घेणारे निम्मे तरी असतात. प्रश्नावली इंग्रजीत, पाच पर्यायांची: पूर्ण समाधानी ते पूर्ण असमाधानी. आमच्या वाट्याला आलेल्या कारखान्यात आम्हाला आत सोडलंच नाही. ऑफिसात बसवलं, फॉर्म मुकादमाकडे दिले आणि चहा होईपर्यंत ते भरून परत आले. सगळे समाधानी! ज्यांच्या नावाने ते भरले होते त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना इंग्रजी अक्षर लावता येत नव्हतं. संस्थेने त्या अहवालाला उत्तम गुण दिले, सोनेरी अक्षरांत बांधणीही करून घेतली.

शेवटच्या सत्रात नोकऱ्या द्यायला जे आले त्यांत पुस्तिकेवरचं एकही चिन्ह नव्हतं. आले ते माणसं पुरवणारे ठेकेदार आणि विमा विकणाऱ्या कंपन्या. पदाचं नाव 'एचआर एक्झिक्युटिव्ह', काम दिवसभर फोन लावून माणसं गोळा करायचं. महिन्याचा आकडा गाठला तर पगार पुरा. माझ्या वर्गातल्या कित्येक मुली तिथूनच या क्षेत्राबाहेर पडल्या. मी ओळखीने एका मिलमध्ये लागले आणि खरं शिक्षण तिथे सुरू झालं.

पहिल्याच आठवड्यात एक उडिया कामगार पीएफचे पैसे अडकले म्हणून आला. आधारवर नाव एक, पीएफ खात्यात दुसरं, जन्मतारीख तिसरीच. शिवाय दर वेळी मिल बदलली की ठेकेदाराने नवा यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, काढलेला, त्यामुळे घामाचा पैसा चार ठिकाणी विखुरलेला. त्याला प्रेरणेचा सिद्धान्त सांगून भागणार नव्हतं. नाव दुरुस्त कसं करायचं, खाती एकत्र कशी आणायची, जुन्या ठेकेदाराकडून बाहेर पडल्याची तारीख कशी नोंदवून घ्यायची, हे सांगणारं माणूस त्याला हवं होतं. मिलमधले जुने मेहताजी ते बिनबोभाट करायचे. त्यांच्याकडे पदवी नव्हती. माझ्याकडे होती, आणि मी त्यांच्या बाजूला बसून शिकत होते.

तेव्हा फोन करणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हे: गणित नको म्हणून एचआर घेऊ नका. हा विषय गोड बोलण्याचा कमी आणि हिशेबाचा व कायद्याचा जास्त आहे. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,८०० रुपये घेणारा माणूस १० वर्षांनी नोकरी सोडतो. त्याची ग्रॅच्युइटी किती? २६ ने भागा, ८०० आले. १५ ने गुणा, १२,०००. वर्षांनी गुणा, १ लाख २० हजार. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, १२ तासांची पाळी आठवड्यातून ६ दिवस चालते. म्हणजे ७२ तास. कायद्याची मर्यादा ४८. वरच्या २४ तासांना दुप्पट दर लागायला हवा. मग मीटरवर पैसे घेणाऱ्याचा तासाचा दर काढायचा कसा? ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्यात, १०० रुपयांमागे कामगाराचे ७५ पैसे आणि मालकाचे सव्वातीन रुपये. ही योजना २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाला लागू. पीएफमध्ये दोघांचेही १२ टक्के, पण मालकाच्या हिश्श्यातला ८.३३ टक्के भाग पेन्शनकडे वळतो. ही आकडेमोड करताना ज्याला कंटाळा येतो त्याने मार्केटिंग घ्यावं; तिथे गोड बोलण्याला खरोखर भाव आहे.

हा व्यवसाय आपल्या देशात कशासाठी आला, तेही ठाऊक असावं. गिरण्यांमध्ये भरती मुकादमाच्या हाती होती आणि नोकरी देण्यासाठी तो कामगाराकडून पैसे खायचा. १९३१ साली कामगारविषयक शाही आयोगाने सुचवलं की भरती मुकादमाकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावी. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर नेमणं बंधनकारक केलं. मुंबईत १९३६ साली सुरू झालेल्या, आज टिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतून या कामासाठी माणसं शिकून बाहेर पडू लागली. 'मनुष्यबळ विकास' हे त्यानंतरचं पर्व. १९७० च्या दशकात अहमदाबादच्या आयआयएममधल्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी त्याची घडी बसवली. मुकादमाला आवर घालण्यासाठी जन्मलेला हा पेशा आहे. सुरतेत मात्र भरती अजूनही बऱ्याच ठिकाणी मुकादमच करतो आणि आपण त्याने आणलेली यादी संगणकात चढवतो. हे बदलण्याची उमेद ज्याला आहे त्याच्यासाठी इथे काम भरपूर आहे.

आता कुठे शिकायचं ते. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ १९६५ चं, उधना-मगदल्ला रस्त्यावर, म्हणजे आपल्या वस्त्यांपासून रिक्षाच्या अंतरावर. तिथे व्यवसाय आणि औद्योगिक व्यवस्थापनाचा विभाग आहे, तसाच मनुष्यबळ विकासाचा वेगळा विभागही आहे. दोन्हींतला फरक समजून घ्या. एमबीएत आधी लेखा, वित्त, मार्केटिंग, संख्याशास्त्र सगळं येतं, एचआर पुढे विशेष विषय म्हणून. मनुष्यबळाच्या स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा सगळा रोख याच कामावर असतो. पुढे धंद्याच्या दुसऱ्या अंगात जाण्याची वाट मोकळी ठेवायची असेल तर पहिला, कामगार आणि कायदा यांतच मुरायचं असेल तर दुसरा. गुजरातेत एमबीएचे प्रवेश सीमॅटच्या गुणांवर होतात, तेव्हा ती परीक्षा हलक्यात घेऊ नका. गुण चांगले असतील आणि घर सोडायची तयारी असेल तर टिस, जमशेदपूरची एक्सएलआरआय यांचाही विचार करा.

खासगी संस्थेत जायचं असेल तर पुस्तिका बाजूला ठेवा आणि चार गोष्टी विचारा. एमबीएला एआयसीटीईची मान्यता आहे का, पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार? २०२४-२५ पासून बीबीएही एआयसीटीईच्या कक्षेत आलं आहे, तेव्हा हा प्रश्न बीबीएलाही विचारा. मागच्या तुकडीतल्या एचआरच्या मुलांना नोकऱ्या कुठे लागल्या, कोणत्या पदावर, किती पगारावर? कंपन्यांची नावं नकोत, मुलांचे नंबर मागा आणि त्यांच्याशी स्वतः बोला. कामगार कायदा शिकवणारे प्राध्यापक कधी कामगार न्यायालयात किंवा कारखान्यात गेले आहेत का? प्रकल्प करायला संस्था आत प्रवेश मिळवून देते, की ओळखी तुम्हीच काढायच्या? या चार प्रश्नांवर काउन्सेलर गडबडला तर अर्जाचे पैसे भरू नका.

पुस्तक विकत घेताना त्याचं वर्ष बघा. चारही नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि जुन्या नोट्समधले कित्येक आकडे शिळे झाले. वेल्फेअर ऑफिसरसाठी ५०० कामगारांची अट होती, ती २५० वर आली. ठेका कामगारांचे नियम २० जणांपासून लागायचे, ते आता ५० पासून. नियुक्तिपत्र देणं सक्तीचं झालं. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा, म्हणजे पीएफ-ग्रॅच्युइटीचा हिशेब बदलला. मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला. मुलाखतीत जुना आकडा सांगितला की समोरचा माणूस तिथेच फाइल मिटतो. उलट, हा बदल नीट वाचलेल्या मुलीला आज छोट्या कारखानदारांकडे मान आहे, कारण त्यांनाच तो अजून पुरता समजलेला नाही.

प्रकल्पासाठी 'समाधान' हा विषय घेऊ नका. सुरतेत अभ्यासाला विषय थोडे आहेत का? दिवाळीनंतर हिऱ्याचे कारखाने आणि लूमची खाती आठवडेच्या आठवडे बंद पडतात, माणसं सौराष्ट्रात, ओडिशातल्या गंजामला, खानदेशात जातात. त्यांतली परत किती येतात आणि कोणत्या मालकाकडे येतात? एखाद्या खात्यातल्या वीस जणांच्या पीएफ खात्यांची स्थिती काय आहे? एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत इथले कामगार गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर आले. त्यानंतर कोणत्या कारखान्यांनी राहण्या-जेवण्याची सोय बदलली? असा एक अहवाल तयार असला तर मुलाखतीत पदवीचं पान उलटायच्या आधी तो वाचला जातो. पाळी सुटायच्या वेळी मिलच्या गेटवर उभे राहा, चहाच्या गाडीवर बोला. तिथे प्रश्नावली काढू नका, आधी ऐका.

भाषेबद्दल आपल्या मुलांना न्यूनगंड असतो. इंग्रजी हवंच, ईमेल आणि कायद्याचा मसुदा त्यातच येतो. पण मालकाशी गुजराती, कामगाराशी हिंदी, आपल्या माणसांशी मराठी-अहिराणी आणि जमल्यास चार वाक्यं उडिया बोलणारी व्यक्ती पांडेसरा-सचिनच्या पट्ट्यात सहजासहजी मिळत नाही. लिंबायतच्या गल्लीत वाढल्याने हे आपल्याला फुकट मिळालेलं आहे, ते बायोडाटात लिहा.

पहिली नोकरी निवडताना पदाचं नाव पाहू नका. 'एचआर मॅनेजर' लिहून दिवसभर भरतीचे फोन करायला लावणाऱ्या जागेपेक्षा 'टाइम ऑफिस क्लार्क' म्हणून हजेरी, पगारपत्रक, चलन शिकवणारी जागा शंभर पटींनी बरी. दोन वर्षं तिथे काढली की हजिऱ्यातल्या कंपनीचा दरवाजा ठोठावण्याइतकं बळ येतं. नोकरी धरताना स्वतःचं नियुक्तिपत्र मात्र आधी मागा. दुसऱ्यांना ते देण्याचं काम करणारी मुलगी स्वतः बिनकागदाची राबते, हे मी या शहरात खूप पाहिलं आहे. एक अवघड गोष्टही आधीच सांगून ठेवते. मालक कधी तरी कोऱ्या कागदावर कामगारांच्या सह्या घेऊन ठेवायला सांगेल. त्या दिवशी नाही म्हणता यावं म्हणून घरखर्चाला पुरतील इतके पैसे बाजूला ठेवत चला.

पालकांनाही एक विनंती. मुलीला एसीत बसायला मिळेल म्हणून या शाखेला घालू नका. इथे पाळी संपेपर्यंत थांबावं लागतं, अपघात झाला की दवाखान्यात धावावं लागतं, चिडलेल्या जमावापुढे एकटीने उभं राहावं लागतं. हे सगळं ऐकूनही ती 'करीन' म्हणाली, तर मागे हटू नका, फी भरा. आणि आप्पांचा तो प्रश्न संस्थेला आधी विचारा: पगार किती मिळेल? उत्तर लेखी घ्या.