विहिरीपर्यंतची तार आणि विजेचा हिशेब

ऐन गहूं ओंबीवर असतां विहिरीवरील मोटर जळावी, ह्यासारखी दुसरी आपत्ति बागाईतदारास नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या मळ्यांत एकाच हंगामांत ती दोनदां जळली. पहिल्या वेळीं दोष मोटरीस दिला, दुसऱ्या वेळीं वाइंडिंग करणारास. खरा दोष तारेंत होता, व तो साध्या गुणाकार-भागाकारानें आधींच सांपडला असता. तोच हिशेब येथें क्रमानें मांडावयाचा आहे.

दाब, प्रवाह व रोध

टाकी जितकी उंच, तितक्या जोरानें नळास पाणी येतें. नळ लांब किंवा अरुंद असेल तर तें कमी येतें. विजेचेंही तसेंच समजावें. टाकीच्या उंचीच्या जागीं विजेचा दाब असून तो व्होल्टांत मोजतात. वाहत्या पाण्याच्या जागीं प्रवाह असून तो अँपिअरांत मोजतात. आणि नळाच्या अडवणुकीच्या जागीं तारेचा रोध असून तो ओहमांत मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ ग्योर्ग ओहम यांनीं १८२७ सालीं ह्या तिहींचा संबंध प्रसिद्ध केला, तो असा :

रोध = दाब ÷ प्रवाह

अर्थात् दाब = प्रवाह × रोध. विजेची शक्ति वॅटांत मोजतात. तिचें सूत्र :

शक्ति = दाब × प्रवाह

उदाहरण पहिलें. पाणी तापविण्याचा हीटर २३० व्होल्टांवर ५ अँपिअर प्रवाह घेतो. त्याचा रोध २३० ÷ ५ = ४६ ओहम, व शक्ति २३० × ५ = १,१५० वॅट. एक हजार वॅट एक तास चालले म्हणजे एक युनिट होतें; म्हणून हा हीटर तासास १.१५ युनिट घेईल. आतां दाब १८४ व्होल्टांवर उतरला तर प्रवाह १८४ ÷ ४६ = ४ अँपिअर, व शक्ति अवघी ७३६ वॅट. दाब पंचमांशानें उतरला, परंतु शक्ति तृतीयांशाहून अधिक घटली.

तारेंत काय जातें ?

एक चौरस मिलिमीटर जाडीच्या १०० मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारें १.७५ ओहम असतो. अॅल्युमिनिअमचा सुमारें २.८. लांबी वाढली कीं रोध वाढतो, जाडी वाढली कीं घटतो.

उदाहरण दुसरें. आमची विहीर मीटरपेटीपासून २५० मीटर. तार तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटर. वीज जाते तशी परतही येते, म्हणून लांबी ५०० मीटर धरावी. रोध १.७५ × ५ ÷ २.५ = ३.५ ओहम. एकफेजी मोटर १० अँपिअर घेई. तेव्हां तारेंतच १० × ३.५ = ३५ व्होल्ट खर्च होत, व ३५ × १० = ३५० वॅट निव्वळ तार तापविण्यांत जात. सहा तासांत २.१ युनिट पाण्याचा थेंबही न उपसतां संपत.

पंप चालूं असतां मोजलें, तों पेटीजवळ २१५ व विहिरीवर १८३ व्होल्ट भरले. घट ३२ व्होल्टांची. हिशेबाहून ती थोडी कमी येते, कारण मोटरीचा प्रवाह दाबाशीं पूर्ण तालांत चालत नाहीं. ह्याच कारणानें मोटरीची शक्ति काढतांना दाब व प्रवाह यांच्या गुणाकारास पुन्हां शक्तिगुणकानें, म्हणजे बहुधा ०.८ ते ०.९ नें, गुणावें लागतें. तीनफेजी मोटरीस शिवाय १.७३ नें गुणावें.

मोटर कां जळते ?

हीटर दाब उतरल्यास कमी प्रवाह घेतो. भारावर चालणारी मोटर उलट अधिक घेते, कारण पाणी तर तितकेंच उपसावयाचें असतें. वाइंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढते. प्रवाह शेंकडा २० वाढला कीं उष्णता १.२ × १.२ = १.४४ पट, म्हणजे जवळजवळ दीडपट होते. सुरू होतांना तर मोटर नेहमींच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्या वेळीं दाब तारेंतच संपून ती नुसती घुमत राहते.

मोजलेली घट हिशेबाहून बरीच अधिक आली, तर एखादा सांधा सैल आहे असें समजावें. अर्ध्या ओहमाच्या सांध्यांतून १० अँपिअर गेल्यास ५ व्होल्टांची घट होऊन ५० वॅट उष्णता एकाच ठिकाणीं सांचते व सांधा जळतो.

उपाय

तारेंतील घट शेंकडा पांचांच्या आंत ठेवावी. आम्ही १० चौरस मिलिमीटरची तार घातली; रोध ०.८७५ ओहम, घट पावणेनऊ व्होल्ट. त्यानंतर मोटर जळली नाहीं. मात्र पेटीजवळच दाब कमी असेल, तर जाड तारेनें तो वाढणार नाहीं. त्याची तक्रार वीज कचेरींतच केली पाहिजे. मोजणी जाणत्या वायरमनकडून टाँगटेस्टरनें करवावी. ओल्या हातानें किंवा अनवाणी पेटी उघडूं नये.

अभ्यासार्थ : विहीर १५० मीटर, तांब्याची तार ४ चौरस मिलिमीटर, प्रवाह ८ अँपिअर, घट किती? (उत्तर : १०.५ व्होल्ट, ८४ वॅट वाया.) हें जमल्यावर आपल्या विहिरीचे आंकडे घालून पाहावेत, व मगच तार खरेदीस जावें.