गाडी कधी कधीच का तापते?



गेल्या मे महिन्यात सेमाडोहहून परतवाड्याला येताना, घटांगच्या चढावर आमच्या जुन्या डिझेल जीपचा काटा लाल पट्ट्यात गेला. मागच्या सीटवर कळा सुरू झालेली एक कोरकू बहीण होती. पाऊण तासाने एक टेम्पो मिळाला. आई व बाळ सुखरूप आहेत. पण तो पाऊण तास मला विसरता येत नाही.

त्याआधी गाडी तीनदा गॅरेजला नेली होती. तिथे पोहोचली की काटा जागेवर! दोनदा थर्मोस्टॅट बदलला, पैसे गेले, दुखणे राहिले. तेव्हा आम्ही वीस रुपयांची एक वही घेतली. काटा चढला की वेळ, रस्ता, माणसे किती, वेग किती, हे लिहायचे. महिन्याभरात वहीने उत्तर दिले.

बाजारात इंजिन चालू ठेवून गाडी उभी राहिली, तरी तापत नव्हती. म्हणजे पंखा आणि त्याचा पट्टा ठीक. पंख्याचा दोष असता तर गाडी उभी असताना किंवा हळू चालताना तापली असती, वेग घेतल्यावर निवली असती. आमची उलट होती. सकाळी रिकामी असताना छान चाले. दुपारी भरलेली असली, की घाटात आणि अंजनगावच्या सपाट रस्त्यावर वेग धरल्यावरही तापे. मिस्त्रींनी इंजिन बंद करून रेडिएटरच्या जाळीवर हात फिरवला. वर गरम, खालच्या कोपऱ्यात थंड! तिथल्या नळ्या बुजल्या होत्या.

कशाने? आमचे चालकदादा म्हणाले, "आपन तं बोरचंच पानी टाकतो ना, भाऊ." आमची गाडी दर्यापूरला मुक्कामी असते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा. जे पाणी पिववत नाही, ते आम्ही वर्षानुवर्षे इंजिनाला पाजत होतो. क्षारांचा थर नळ्यांत बसला. उरलेल्या नळ्या हलक्या कामाला पुरत होत्या, जड कामाला नाही. म्हणूनच गाडी "कधी कधी" तापत होती.

रेडिएटर उघडून साफ केला. आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घालतो. या जूनपासून काटा मध्याच्या वर गेलेला नाही.

आपल्या गाडीसाठी एवढे लक्षात ठेवा:

१. काटा अचानक चढून अचानक उतरत असेल, तर आधी पाणी कमी आहे का किंवा आत हवा अडकली आहे का पाहा, मग थर्मोस्टॅट. तो काढून पाण्यात उकळून पाहता येतो. उकळत्या पाण्यातही उघडला नाही, तर बदला.

२. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी शंभर अंशांना उकळत नाही. झाकणाचे रबर चिरले असेल, तर आधी ते स्वस्तातले झाकण बदला.

३. गळती दिसत नाही तरी पाणी कमी होते, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, ऑइल दुधासारखे दिसते, तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि गाडी चालवू नका.

४. वाटेत काटा चढला तर एसी बंद करा, हीटर असल्यास पूर्ण चालू करा, सुरक्षित जागी थांबा. गरम असताना झाकण कधीही उघडू नका. वाफेने तोंड भाजते. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नका. हेडला तडा जातो.

अभ्यासासाठी प्रश्न: आपल्या गाडीत शेवटचे पाणी कोणी, कुठले घातले? गाडी मागच्या वेळी तापली, तेव्हा ती उभी होती, चढत होती की पळत होती? उत्तर आठवत नसेल, तर आजच एक वही डॅशबोर्डवर ठेवा. सुटे भाग बदलण्याआधी ती वही मिस्त्रींना दाखवा. पुढच्या घाटात मागच्या सीटवर कोण असेल, हे आपल्याला आधी ठाऊक नसते.