संकल्पचित्रातील बारकावे : एक पाठ

इमारत उभी राहण्यापूर्वी ती कशी दिसेल हे दाखविणाऱ्या चित्रास संकल्पचित्र म्हणतात. पूर्वी हे काम चित्रकार रंगकुंचल्याने अनेक दिवस बसून करीत. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र ते मिनिटभरात करून देते. पण पहिले चित्र क्वचितच उपयोगी पडते. खिडकीचे गज मध्येच तुटतात, जिन्याच्या पायऱ्या भिंतीत शिरतात, पाटीवरील अक्षरे वाचता येत नाहीत. असे का होते आणि ते कसे सुधारावे, हे येथे पाहू.

ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांस खुली झालेली ‘स्टेबल डिफ्यूजन’ ही प्रणाली उदाहरणादाखल घ्या. ती विस्कळित ठिपक्यांपासून आरंभ करते व टप्प्याटप्प्याने त्यांतील गोंधळ काढीत चित्रापर्यंत पोहोचते. हे काम ती आकसलेल्या रूपात करते. लांबी-रुंदीस ५१२ बिंदूंच्या चित्राचा हिशेब तिच्यात ६४ गुणिले ६४ घरांवर चालतो. म्हणजे ८ गुणिले ८ बिंदूंस एकच घर. दोन-तीन बिंदूंचा गज त्यात नीट कसा उमटावा? बारकावे बिघडण्याचे हे एक मोठे कारण होय.

यावर उपाय क्रमाने करावेत.

पहिला : आधी घाट पक्का करावा. २०२३ साली पुढे आलेल्या ‘कंट्रोलनेट’सारख्या साधनास रेखानकाशा दिला, म्हणजे यंत्र पुष्कळसे त्या रेषांना धरून राहते.

दुसरा : एका वेळी एकच दोष घ्यावा. बिघडलेल्या खिडकीपुरता भाग निवडून तेवढाच मोठा करून पुन्हा काढवून घ्यावा. आता त्याच गजांच्या वाट्याला अधिक घरे येतात व ते सरळ उमटतात.

तिसरा : बदलाची मात्रा जपावी. ती शून्य ते एक अशी मोजतात. थोड्या मात्रेत दगडाचा पोत सुधारतो. फार वाढविली तर खिडकीच जागा सोडते.

चौथा : प्रत्येक आवृत्ती क्रमांक घालून ठेवावी. दिलेले शब्द आणि ‘सीड’ हा आरंभीचा आकडाही टिपून ठेवावा, म्हणजे चूक झाल्यास मागे फिरता येते.

आता एक अनुभव. वाचनखोलीचे असे चित्र मी वर्गात मुलांसमोर सात वेळा सुधारून घेतले. सातवे चित्र फारच देखणे झाले आणि मी ते फळ्याशेजारी लावले. कुबडी घेऊन चालणारी एक विद्यार्थिनी ते निरखून म्हणाली, “सर, यात मी आत कशी येऊ?” पायऱ्यांलगतचा उतार नाहीसा होऊन तेथे फुलांच्या कुंड्या आल्या होत्या. चित्र सुंदर करण्याच्या नादात मी नकाशाकडे पाहिलेच नव्हते. मागील आवृत्त्या काढून पाहिल्या, तेव्हा उतार पाचव्या फेरीतच गेला होता असे आढळले.

तात्पर्य, यंत्र बारकावे भरते ते शोभतील असे; ते खरे असतीलच असे नाही. म्हणून प्रत्येक फेरीनंतर चित्र नकाशाशेजारी ठेवून दारे, खिडक्या, पायऱ्या व उतार बोटाने मोजावेत. वाचकहो, एखाद्या बांधकामासाठी आपण देणगीदारांस चित्र दाखवितो, तेव्हा एक प्रकारे शब्दच देत असतो. तो पाळता येईल एवढेच चित्रात असावे.